वापरलेले घड्याळ

घड्याळ नवे घ्यावे की कुणीतरी वापरलेले, हा नैतिक प्रश्न असू शकतो काय? बाजारहाटाची गोष्ट आहे, ज्याच्या त्याच्या खिशाची गोष्ट आहे, असे म्हणून कुणीही तो एका वाक्यात निकालात काढील. हजार-दीड हजार रुपयांच्या घड्याळाबाबत ते खरेही आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या मनगटावरच्या घड्याळाला दोनेक वर्षांनी एकदा सेल लागतो, आणि तास संपायला पाच मिनिटे उरली एवढे त्याने सांगितले की त्याचे काम झाले. त्याच्याविषयी वेगळा विचार करावा असे त्यात काही नाही. परंतु घड्याळ पाच लाखांचे असले की ते वेळ सांगण्याच्या कामातून जवळजवळ निवृत्त होते आणि आपल्या मालकाविषयी बोलू लागते. मग ते नवे की जुने या प्रश्नाला निराळे वजन येते.

हा प्रश्न आमच्यापुढे आणला तो एका माजी विद्यार्थ्याने. दहावीला तो आमच्या वर्गात होता. आज दुबईत एका कंपनीत हिशेबाचे काम पाहतो. लवकरच त्याचा निकाह आहे. आमच्याकडे मुलीकडच्यांनी नवऱ्या मुलाला घड्याळ देण्याची रीत आहे, आणि अलीकडे त्या घड्याळाची कंपनीही आधीच कळवली जाते. (याला रीत म्हणणे बरोबर नाही, ही मागणी आहे, आणि तिला 'तोहफा' म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. असो.) या मुलाने मुलीच्या वडिलांना निरोप दिला की घड्याळ नको, माझे मी घेईन. त्याबद्दल आम्हांला त्याचे कौतुक वाटते. चार वर्षे थोडे थोडे बाजूला टाकून त्याने साडेपाच लाख रुपये जमवले आहेत. कर्ज नाही, हप्ते नाहीत, घरचा खर्च अडलेला नाही, जकात दिलेली आहे. सोन्याचे घड्याळ पुरुषाला जायज नाही हे तो जाणतो. त्याला पोलादाचे ओमेगा हवे आहे. एवढ्या पैशांत ते नवे येते. तेच पाच-सहा वर्षे कुणाच्या हातात फिरलेले त्याहून पुष्कळ स्वस्तात मिळते. फोनवर त्याने विचारले, "सर, नवीन घेऊ की वापरलेले? तुम्ही सांगाल ते."

घेऊच नकोस, असे सांगणे शिक्षकाला फार सोपे असते. त्याच्याकडे साडेपाच लाख नसतात. 'इस्राफ' हा शब्द आपण दुसऱ्याच्या खर्चासाठी जितक्या सहज वापरतो तितका स्वतःच्या खर्चासाठी वापरत नाही. ज्या गावात तीन-तीन मजली बंगले वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असतात, आणि वलीम्यानंतर बिर्याणीच्या देगा कुठे रिकाम्या कराव्यात याची चर्चा होते, त्या गावाने एका मुलाच्या मनगटाचा हिशेब मागावा हे आम्हांला पटेना. शिवाय घ्यायचे हे त्याने ठरवले होते. त्याने विचारले होते तेवढ्याचे उत्तर देणे भाग होते, आणि ते वाटले होते तेवढे सोपे निघाले नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले आणि चावीच्या घड्याळाचे मूळ कारणच संपले. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. चाकांच्या उत्तम घड्याळात आतले चक्र सेकंदाला आठ वेळा टिकटिक करते. स्वित्झर्लंडमध्ये अशा घड्याळांची जी अधिकृत परीक्षा होते तिच्यात दिवसाला सरासरी चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे इतकी सूट आहे. आमचे स्वस्तातले घड्याळ महिन्याभरात पंधरा सेकंदांपलीकडे सहसा जात नाही. म्हणजे आमच्या मुअज्जिनसाहेबांच्या हातातले घड्याळ लाखोंच्या घड्याळापेक्षा जास्त भरवशाचे आहे. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास माणसे कामाला होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तीसेक हजारांवर आली. त्या पडझडीतून चाकांचे घड्याळ पुन्हा उभे राहिले ते गरजेची वस्तू म्हणून नव्हे. ज्याची गरज नाही तीच वस्तू अधिक मोलाची, हा त्या पुनर्जन्माचा पाया आहे. तेव्हा अशा घड्याळाच्या बाबतीत 'उपयोगाला काय, जुनेही तेवढेच चालते' हा युक्तिवाद लागू पडत नाही. उपयोग हा मुद्दाच तिथे नाही.

मग नवे घेणारा नेमके काय विकत घेतो? यंत्र घेतो, हमी घेतो, आणि या वस्तूला माझ्याआधी कुणाचा हात लागलेला नाही ही भावना घेतो. पहिल्या दोन गोष्टी जुन्या घड्याळातही मिळू शकतात. रोलेक्स कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये आपलीच वापरलेली घड्याळे तपासून, दोन वर्षांची हमी देऊन विकण्याची व्यवस्था सुरू केली. जी कंपनी शतकभर नवेपण विकत आली तिने जुनेपणावरही आपला शिक्का मारून विकायला घेतले. उरते ती तिसरी गोष्ट, कोरेपणाची भावना. तिचे आयुष्य किती? दुकानाच्या काउंटरपासून दरवाजापर्यंत. बहुतेक कंपन्यांच्या घड्याळांची किंमत तेवढ्या दहा पावलांत खाली येते. ती दहा पावले चालण्यासाठी माणूस जी रक्कम मोजतो, ती या मुलाच्या बाबतीत त्याच्या गावच्या शाळेतल्या एखाद्या कंत्राटी शिक्षकाच्या कित्येक महिन्यांच्या मानधनाइतकी आहे.

गंमत अशी की काही घड्याळांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. रोलेक्सची काही मॉडेले दुकानात पैसे घेऊन गेले तरी मिळत नाहीत. नाव नोंदवावे लागते, थांबावे लागते, आणि दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला आधी देतो. परिणामी तेच घड्याळ वापरलेले असून नव्याहून महाग विकले जाते. पॉल न्यूमन या अमेरिकी नटाला त्याच्या पत्नीने १९६० च्या दशकात एक रोलेक्स डेटोना घेऊन दिले होते. तेव्हा हे घड्याळ काही शे डॉलरांना मिळे आणि फारसे खपतही नसे. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तेच घड्याळ एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरांना गेले. तिथे कोरेपणाला किंमत शून्य होती, कुणाच्या हातात होते याला सगळी. म्हणजे बाजार स्वतःच एकदा म्हणतो की दुसऱ्याचा हात लागला म्हणून किंमत कमी, आणि एकदा म्हणतो की दुसऱ्याचा हात लागला म्हणूनच किंमत जास्त. फरक फक्त तो हात कुणाचा होता एवढाच. हे ध्यानात घेतले की नव्या-जुन्याच्या वादामागे माणसांमधल्या उच्चनीचतेचा वाद लपलेला दिसतो.

त्या मुलाच्या अम्मींची हरकत याच जातीची होती. त्यांचे म्हणणे, "निकाहच्या दिवशी माझ्या मुलाच्या हातात कुणाची उतरन? देव जाणे कोण होता, कसा होता." उर्दूत 'उतरन' या शब्दाला जो डंख आहे तो मराठीतल्या 'वापरलेले' या शब्दाला नाही. 'वापरलेले' म्हणजे कामात आलेले. 'उतरन' म्हणजे मोठ्याच्या अंगावरून लहानाच्या अंगावर आलेले, मालकिणीकडून मोलकरणीकडे आलेले. ज्यांच्या बालपणी ईदचे कपडे खरोखरच दुसऱ्याच्या घरून यायचे त्या पिढीचा हा डंख आहे, आणि त्याला हसणे बरे नव्हे. ज्याला आयुष्यभर जुने वापरावे लागले त्याला नव्याची ओढ असते. जुन्याचे कौतुक परवडते ते ज्याच्या घरी नव्याची कमतरता कधी नव्हती त्याला. युरोपातले शौकीन तबकडीचा काळा रंग उन्हाने उडून तपकिरी झाला तर त्याला अधिक पैसे मोजतात. आमच्या अम्मींच्या पिढीला हे सांगून पाहा.

तरीसुद्धा आमच्या मते ही हरकत टिकत नाही. आपण राहतो त्या घरांत आपल्याआधी कुणी जगले, कुणी मेले. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या पिढ्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तके निम्म्या किमतीत घेऊन, पुठ्ठा शिवून वापरली, आणि समासात आधीच्या मुलाने लिहिलेले शब्दार्थ फुकटात मिळाले म्हणून खूशच झाल्या. पुस्तकाला उतरन कुणी म्हटले नाही. मग घड्याळालाच का? कारण पुस्तक वाचण्यासाठी घेतले होते आणि घड्याळ दाखवण्यासाठी घ्यायचे आहे. दाखवण्याच्या वस्तूला आधीचा मालक सोसत नाही.

मात्र अम्मींच्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग, 'कोण होता, कसा होता', हा आम्हांला त्यांच्या विचारापेक्षाही अधिक गंभीर वाटतो. नव्या घड्याळाच्या पलीकडे काउंटर असतो. जुन्या घड्याळाच्या पलीकडे माणूस असतो. त्याने ते का विकले?

आमचे एक मामू कुवेतला एका गॅरेजमध्ये होते. कोकणातल्या त्या पिढीला रॅडोचे वेड होते. १९६२ साली निघालेले त्या कंपनीचे 'डायस्टार' हे घड्याळ, ज्याच्या कठीण धातूवर ओरखडा उठत नाही, ते ज्याच्या मनगटावर असे तो माणूस आखातात स्थिरावला असे गाव समजे. मामूंनी ते नोकरीच्या सहाव्या वर्षी घेतले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. बँकेतले पैसे, खोलीतले सामान, सगळे तिथेच राहिले. वाळवंट ओलांडून मामू जॉर्डनमधल्या अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. त्या काही आठवड्यांत एक लाखाहून अधिक भारतीय असे परतले. मामूंजवळ अंगावरचे कपडे आणि हातातले रॅडो होते. दोन महिन्यांनी मामींचे बाळंतपण अडले तेव्हा त्यांनी मुंबईच्या एका दुकानात ते घड्याळ काढून काउंटरवर ठेवले. दुकानदाराने भिंग लावून पाहिले. ओरखडा एकही नव्हता. त्या धातूवर तो उठणारही नव्हता. दुकानदार म्हणाला, "डबा आणि कागद कुठे आहेत?" डबा आणि कागद कुवेतमध्ये होते, त्या खोलीत, ज्या खोलीचे काय झाले हे मामूंनाही ठाऊक नव्हते. कागद नाहीत म्हणून घड्याळ चौथाई किमतीत गेले.

ही हकिकत आमच्या घरात शेकडो वेळा सांगितली गेली आहे. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो, तरी ती आमच्या कानांत त्या दुकानदाराच्या आवाजासह आहे. त्या दुकानदाराने अन्याय केला काय? मामू तसे कधी म्हणाले नाहीत. ते म्हणत, पैसे वेळेवर मिळाले. आणि हे खरेच आहे की जुने घेणारा कुणी नसता तर त्या दिवशी ते घड्याळ हातातला निव्वळ धातू ठरले असते. अडल्या माणसाला त्याची वस्तू विकता येणे ही त्याची सोय आहे. पण अडला आहे हे ओळखून भाव पाडणे ही निराळी गोष्ट. फिक्हच्या ग्रंथांत 'मुज्तर'च्या, म्हणजे लाचार झालेल्या माणसाच्या, विक्रीची स्वतंत्र चर्चा येते. त्याच्या लाचारीचा फायदा घेऊ नये, त्याला योग्य भाव द्यावा किंवा उसने देऊन मोकळे करावे असा तिचा रोख आहे. त्या रॅडोचे पुढे काय झाले? कुणीतरी ते घेतले असेल, स्वस्तात चांगले मिळाले म्हणून घरी सांगितले असेल. त्या माणसाचा काहीच दोष नाही. त्याला मामू दिसलेच नाहीत. दुकान मध्ये होते.

म्हणून 'जुने घेणे म्हणजे साधेपणा, नवे घेणे म्हणजे दिखावा' असे जे सोपे समीकरण हल्ली मांडले जाते, ते आम्हांला मान्य नाही. जुन्या वस्तूतली स्वस्ताई पुष्कळदा कुणाच्या तरी पडत्या काळातून आलेली असते. अर्थात प्रत्येक विकणारा मामू नसतो. दर दोन वर्षांनी घड्याळ बदलणाऱ्या हौशी श्रीमंताचे जुने घड्याळ घेताना कुणी हळहळण्याचे कारण नाही. पण कोणते घड्याळ कोणाचे हे समोरच्या तबकडीवर लिहिलेले नसते, आणि दुबईसारख्या शहरात, जिथे नोकरी गेली की ठरावीक मुदतीत देश सोडावा लागतो, तिथे दुसऱ्या प्रकारचे विकणारे कमी नाहीत.

याच्या उलट बाजूला विकणाऱ्याचा खरेपणा येतो. मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर बोटांना ओल लागली, आणि पैगंबरांनी (स.) व्यापाऱ्याला विचारले की भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली आहे. ध्यानात घेण्यासारखे हे की भिजलेले धान्य विकू नको असे तिथे म्हटलेले नाही. वर ठेव, दिसू दे, एवढेच सांगणे आहे. इमाम अबू हनीफा कूफ्यात कापडाचा व्यापार करत. त्यांच्या भागीदाराने एक सदोष थान दोष न सांगता विकले, गिऱ्हाईक शोधूनही सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी आलेली सगळी रक्कम दान केली असे सांगतात. या विचारातून 'खियार-ए-ऐब' हे तत्त्व आले: दोष लपवला असेल तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क. इंग्रजी अमदानीतून आलेल्या आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्याचा मूळ रोख, काही अपवाद सोडले तर, 'घेणाऱ्याने नीट पाहून घ्यावे' असा होता. ग्राहक संरक्षणाच्या नव्या कायद्यांनी तो बराच बदलला आहे. पण घड्याळात पाहून काय घेणार? आतले तेल सुकले आहे, एखादा भाग दुसऱ्याच कंपनीचा बसवला आहे, पाणी शिरून गेले आहे, हे बाहेरून कुणालाही दिसत नाही. मुंबईत जुन्या सेको आणि एचएमटीच्या तबकड्या पुन्हा रंगवून, डबा चकचकीत घासून विकण्याचा धंदा इतका जुना आहे की परदेशातले शौकीन अशा घड्याळांना मुंबईच्याच नावाने ओळखतात. शहराच्या लौकिकात ही काही अभिमानाने घालावी अशी भर नाही. जुने हे जुने म्हणून विकले तर त्यात लाज कसली? त्याला नव्याचा मुलामा दिला की तिथे ओले धान्य खाली जाते.

चोरीचा मुद्दा आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण त्यात वाद नाही. माहीत असून चोरीची वस्तू घेणे कोणत्याच धर्मात किंवा कायद्यात बसत नाही. एवढेच सांगतो की वस्तू जितकी लहान आणि मौल्यवान तितकी ती चोराला सोयीची. अब्राहम-लुई ब्रेगे या कारागिराकडे १७८३ साली फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी मागवलेले घड्याळ १८२७ साली पुरे झाले. राणीचा शिरच्छेद १७९३ सालीच झाला होता, आणि ब्रेगेही १८२३ साली वारला होता. हे घड्याळ पुढे जेरुसलेमच्या इस्लामी कलेच्या एका संग्रहालयात होते. तिथून १९८३ साली शंभराहून अधिक घड्याळांसह ते चोरीला गेले, आणि परत मिळाल्याचे जगाला कळले ते २००७ साली. एवढ्या प्रसिद्ध वस्तूचा पत्ता इतकी वर्षे लागला नाही, तर नंबर खोडलेल्या साध्या ओमेगाची काय कथा? तेव्हा कागद मागणे हा संशय घेणे नव्हे. मात्र, मामूंना विचारलेला 'कागद कुठे आहेत' हा प्रश्न आणि हा प्रश्न, दोन्ही अगदी एकाच शब्दांत विचारले जातात. पहिल्याने अडलेल्याचा भाव पाडला, दुसरा चोराला अडवतो. विचारणाऱ्याची नियत पाहिल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही.

नियतीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. त्या मुलाच्या दुबईतल्या मित्रांनी त्याला पटवले होते की चांगले घड्याळ म्हणजे खर्च नव्हे, गुंतवणूक आहे. २०२० पासून २०२२ च्या सुरुवातीपर्यंत काही ठरावीक घड्याळांच्या जुन्या बाजारातल्या किमती भराभर चढल्या होत्या हे खरे. त्यानंतर त्या तशाच उतरल्या हे मित्र सांगत नाहीत. पण आमचा आक्षेप तोट्याचा नाही. स्वतःच्या वापराच्या वस्तूवर जकात नाही. विकून नफा कमवायचा या इराद्याने घेतलेली वस्तू मात्र तिजारतीचा माल ठरते, आणि तिच्या बाजारभावावर दरसाल अडीच टक्के जकात लागू होते. आम्ही त्याला विचारले, "गुंतवणूक म्हणून घेतोस ना? मग दर रमजानला तिचा भाव काढून जकात काढशील?" तो हसला आणि म्हणाला, "नाही सर, वापरायलाच घेतोय." ठीक. अम्मींसमोर गुंतवणूक आणि जकातीसमोर वापर, असे दोन्हीकडचे फायदे घेता येत नाहीत. जिनेव्हाची पाटेक फिलिप कंपनी १९९६ पासून आपल्या जाहिरातींत असे सुचवत आली आहे की तुम्ही घड्याळाचे मालक नसता, पुढच्या पिढीसाठी ते सांभाळत असता. कल्पना सुंदर आहे. पण 'अमानत' या शब्दाचे जे ओझे आपण जाणतो ते पाहता, एवढ्या महाग वस्तूच्या विक्रीसाठी तो भाव वापरलेला पाहून थोडे संकोचल्यासारखे होते. आणि पाहा, नवे घड्याळ विकणारी कंपनीच गिऱ्हाइकाला सांगते आहे की तुझे हे घड्याळ उद्या कुणाची तरी उतरन होणार आहे. मुलाने बापाचे घातले तर वारसा आणि परक्याने घातले तर उतरन, एवढाच फरक.

नव्याच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे, तो टाळणे बरोबर होणार नाही. सगळ्यांनी जुनेच घेतले तर बनवणारे हात काय करतील? १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ कारखाना दोन-तीन पिढ्यांच्या मनगटांवर होता. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो धंदा बंद करण्याचा निर्णय घेतला. आज लोक त्याची जुनी 'जनता' शोधत फिरतात आणि हळवे होतात. नवी मिळत होती तेव्हा याच लोकांनी पाठ फिरवली होती. पण स्वित्झर्लंडच्या बड्या कंपन्यांना आमच्या एका हिशेबनिसाच्या आधाराची गरज आहे असे आम्हांला वाटत नाही. त्यांच्या मालावरची आयातजकातही १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या कराराने टप्प्याटप्प्याने उतरत आहे. उलट चाकांचे जुने घड्याळ काही वर्षांनी उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावे लागते. ते काम घडीसाज करतो, आणि आमच्या तालुक्याच्या गावी आता असा एकच म्हातारा घडीसाज उरला आहे. जुने घड्याळ चालू ठेवणारा माणूस कुणाच्या तरी हाताला काम देतच असतो.

एक गोष्ट आम्ही फोनवर अगदी बजावून सांगितली. नवे घड्याळ हातात घालून मुंबई विमानतळावर उतरणारे कितीतरी जण कस्टमच्या अधिकाऱ्याला म्हणतात, "जुने आहे साहेब, वापरातले." तोच माणूस जुने घड्याळ घालून गावच्या लग्नात जातो आणि कुणी विचारले तर म्हणतो, "आत्ताच घेतले, नवीन." एकच मनगट, दोन दरवाजे, दोन बयाने. कस्टमपुढे जे असेल ते लिहून द्यावे, जकात बसेल ती भरावी. आणि लग्नात? तिथे जाहीर करण्याचे बंधन कुणावर नाही. पण विचारले तर 'वापरलेले घेतले' असे सहज सांगता येणार असेल तरच जुने घ्यावे, हे आमचे मत. ते सांगताना जीभ अडखळणार असेल तर साडेपाच लाख मोजून नवेच घेतलेले बरे. निदान एका खोट्याचा खर्च वाचेल, आणि आयुष्यभराच्या खोट्यापेक्षा ती दहा पावले स्वस्त पडतील.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला की सांगता येईल. तेव्हा आम्ही आमचे मत दिले: वापरलेले घे, पोलादाचे, कागदांसह. घासून चकचकीत केलेले नको, ओरखडे असलेलेच घे. उघडून दाखवणाऱ्याकडून घे, आणि यात हा हा दोष आहे असे जो आपणहून सांगेल त्याला दोन पैसे जास्त दे. दुकान असेल तर हवी तेवढी घासाघीस कर. दुकानाचे पोट मोठे असते. पण विकणारा स्वतः समोर बसला असेल, आणि त्याची नजर घड्याळाकडे पुन्हा पुन्हा जात असेल, तर शेवटच्या पाचशे दिरहमसाठी अडून बसू नकोस. तो का विकतो आहे हे विचार. सांगणार नाही कदाचित, तरी विचार.

उरलेल्या पैशांचे काय करावे हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. त्याचे पैसे आहेत. अम्मींना कसे समजवायचे, हेही आम्ही त्याच्यावरच सोडले आहे.